कांद्याचं निशाण

('गेम ऑफ थ्रोन्स', 'हाउस ऑफ द ड्रॅगन' किंवा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' अजून पाहायचं-वाचायचं राहिलं असेल, तर पुढे शेवट फुटणार आहेत. आधीच सांगतो.)

हॉस्टेलवर शेवटच्या वर्षाला असताना एका रविवारी आम्ही चौघं मोबाइलवर एक क्विझ सोडवत बसलो होतो. 'वेस्टेरॉसमधल्या कोणत्या घराण्यात तुमचा जन्म व्हायला हवा होता?' दहा प्रश्न. थंडी आवडते का, मित्राने दगा दिला तर काय कराल, असले. एकजण स्टार्क निघाला आणि दिवसभर गंभीर चेहरा करून फिरला. दुसरा लॅनिस्टर निघाला. त्याचं मेसचं बिल तीन महिने थकलं होतं, त्यामुळे लॅनिस्टरांच्या कर्जफेडीचे विनोद महिनाभर पुरले. मी टायरेल. सोनेरी गुलाब. त्यावरून मला काय काय ऐकावं लागलं ते सोडा.

चौथ्याने मोबाइल हातात घेतला, दोन प्रश्न वाचले आणि परत दिला. म्हणाला, "यात 'कुठल्याच घराण्यात नाही' असा ऑप्शन का नाही? माझ्या आजोबांसारखा माणूस या स्टोरीत कुठे असेल सांग. कुणाच्या तरी घोड्याला नाल ठोकत असेल, नाहीतर पहिल्याच लढाईत मेला असेल. नावसुद्धा येणार नाही."

आम्ही हसलो. तोही हसला. मग मी लांडग्याचं चित्र असलेला एक करडा टी-शर्ट ऑनलाइन मागवला, कारण गुलाबाचा नको होता. तो टी-शर्ट अजून आहे. धुऊन धुऊन लांडग्याचं तोंड गेलंय, कान तेवढे शिल्लक आहेत.

त्या प्रश्नाला तेव्हा उत्तर दिलं नाही. नंतरच्या वर्षांत ही पुस्तकं आणि मालिका पुन्हा बघताना मात्र तोच प्रश्न मध्ये येतो. फँटसीतल्या राज्यांमध्ये मुकुट आणि कुलचिन्हं एवढी जागा का खातात? ती नुसती सजावट आहे, की कुणाला माणूस म्हणून मोजायचं आणि कुणाला नाही, हे ठरवायची ती पद्धत आहे?

चेहरा झाकल्यावर उरतं ते

आधी थोडं शब्दांबद्दल. ज्याला हेरल्ड्री म्हणतात, ते ढालीवर आणि झेंड्यावर घराण्याची खूण रंगवण्याचं शास्त्र बाराव्या शतकातल्या युरोपात आकाराला आलं. लोखंडी शिरस्त्राणाखाली चेहरा दिसत नसे, त्यामुळे कोण कोणाचा हे ढालीवरून ओळखायचं. पुढे खूण बापाकडून मुलाकडे जायला लागली, लग्नात दोन घराण्यांच्या खुणा एका ढालीवर यायला लागल्या, आणि कोणाला कोणती खूण वापरायचा अधिकार आहे याच्या नोंदी ठेवणारी कार्यालयं निघाली. लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स 1484 सालचं आहे आणि आजही चालू आहे. म्हणजे रणांगणावरच्या गरजेतून निघालेली गोष्ट हळूहळू वंशावळीचं दफ्तर झाली.

मराठीत याला नेमका एक शब्द नाही, कारण ही पद्धत आपली नव्हती. आपल्याकडे कुळाला देवक असतं, पण ते लग्नात पुजतात, ढालीवर रंगवत नाहीत. सत्तेची आपली चिन्हं वेगळी: छत्र, चामरं, मोर्चेलं, गादी, निशाण. मराठीतली सर्वांत मोठी राजकीय पदवी मुकुटावरून आलेली नाही, डोक्यावर दुसऱ्याने धरलेल्या छत्रावरून आलेली आहे. हे लक्षात ठेवू, पुढे लागेल.

बिनचिन्हाचा झेंडा

टोल्किनपासून सुरू करतो, कारण आज फँटसीत जिथे जिथे 'हरवलेला राजा परत येतो', तिथे तिथे त्याची सावली असते.

'द रिटर्न ऑफ द किंग' (1955) मध्ये गोंडोरच्या गादीवर राजा नाही. शेवटचा राजा गेल्यापासून 969 वर्षं कारभारी राज्य करताहेत. डेनेथोर हा सव्विसावा. तो सिंहासनावर बसत नाही. पायऱ्यांच्या खाली एक साधी काळ्या दगडाची खुर्ची आहे, तिच्यावर हातात पांढरी काठी घेऊन बसतो. कारभाऱ्यांचा झेंडा नुसता पांढरा, त्यावर काहीही नाही. मला हे तपशील फार आवडतात. एवढ्या वर्षांत एकालाही वर जाऊन बसावंसं वाटलं नसेल? डेनेथोरच्या मोठ्या मुलाला, बोरोमिरला, लहानपणी हाच प्रश्न पडला होता: किती शतकं गेली की कारभाऱ्याचा राजा होतो? बापाचं उत्तर असं, की कमी प्रतीच्या राज्यांत थोडी वर्षं पुरतात, इथे दहा हजारही पुरणार नाहीत. या उत्तरात अभिमान आहे आणि कडवटपणाही आहे. पांढरा झेंडा हा नम्रपणा वाटतो, पण तो रोज सांगत असतो की हे घर आपलं नाही.

मग अ‍ॅरागॉर्न येतो. समुद्री लुटारूंची काळी गलबतं नदीतून येताना दिसतात, शहराची आशा संपते, आणि पुढच्या गलबतावर झेंडा उलगडतो: काळ्या कापडावर पांढरं झाड, सात तारे, वर मुकुट. लढाई तिथे फिरते. एका कापडाने शत्रूची गलबतं मित्राची झाली. झेंड्याच्या बाजूने लिहिलेला यापेक्षा जोरकस प्रसंग मला माहीत नाही.

पण टोल्किन पुढे जे करतो ते जास्त हुशारीचं आहे. लढाई जिंकल्यावर अ‍ॅरागॉर्न तो झेंडा गुंडाळायला सांगतो. हक्क सांगत शहरात शिरलो तर वाद होईल, हे त्याला कळतं. रात्री अंगावर साधा झगा घेऊन तो आत येतो आणि जखमी लोकांवर उपचार करतो. लोक त्याला ओळखतात ते हातावरून. मुकुट खूप नंतर येतो, आणि तो शहराच्या दाराबाहेर, लोकांना विचारून. फारामिर मोठ्याने विचारतो, हा राजा व्हावा का, लोक हो म्हणतात. शिवाय अ‍ॅरागॉर्न मुकुट स्वतः चढवत नाही. फ्रोडोने तो आणावा आणि गॅंडाल्फने डोक्यावर ठेवावा, असं तो मागतो.

म्हणजे टोल्किनचा नियम असा दिसतो: आधी काम, मग खूण. वाचताना हे पटतं, डोळ्यांत पाणीही येतं. पण एक प्रश्न तिथे दाराबाहेरच राहतो. लोक 'नाही' म्हणाले असते तर? पुस्तकात त्याला जागाच नाही. विचारणं हा विधीचा भाग आहे, उत्तर आधीच रक्तात लिहिलेलं आहे. अ‍ॅरागॉर्नचे हात बरे करणारे आहेत, हे त्याच्या राजा असण्याचं कारण नव्हे, पुरावा आहे. एखाद्या सुईणीचे हात तसेच असते तर तिला कुणी मुकुट आणून दिला नसता.

टोल्किनला हे अजिबात जाणवत नव्हतं असं मात्र मला वाटत नाही. 'द टू टॉवर्स'मध्ये फ्रोडो आणि सॅम एका चौरस्त्यावर पोचतात. तिथे जुन्या राजाचा दगडी पुतळा आहे. शत्रूच्या सैनिकांनी त्याचं डोकं उडवून जागी एक ओबडधोबड दगड बसवलाय, त्यावर लाल डोळा काढलाय. खरं डोकं बाजूला पडलंय, आणि त्याच्या कपाळाभोवती एक रानवेल आपणहून उगवून फुललीय. मावळत्या उन्हात क्षणभर तो मुकुट घातल्यासारखा दिसतो. सगळ्या कादंबरीत मला पटणारा मुकुट तो. त्याला वंशावळ लागली नाही.

चोरून शिवलेले झेंडे

जॉर्ज आर. आर. मार्टिन टोल्किनच्या नियमाला उलटा करून बघतो. त्याच्या कादंबऱ्यांच्या शेवटी घराण्यांच्या याद्या असतात: नाव, चिन्ह, ब्रीद, कोण कोणाचा. पहिल्यांदा वाचताना मी त्या पाठ केल्या होत्या. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की गोष्ट या याद्यांची सतत टर उडवत असते.

ज्याने सात राज्यं जिंकली त्या पहिल्या एगॉनकडे मुळात झेंडाच नव्हता. त्याच्या पूर्वजांच्या व्हॅलिरियात ती रीत नव्हती, ड्रॅगनवर बसणाऱ्याला ओळख दाखवायला कापड कशाला लागेल? वेस्टेरॉसच्या सरदारांना समजेल अशी भाषा हवी म्हणून त्याने तीन तोंडांचा लाल ड्रॅगन घेतला. म्हणजे जेत्याने जिंकलेल्यांचं व्याकरण शिकून घेतलं. तीनशे वर्षांनी त्याच ड्रॅगनला लोक सनातन मानतात.

त्याच घराण्यातला बेघर व्हिसेरिस. त्याला सांगण्यात आलंय, आणि त्याने विश्वास ठेवलाय, की मायदेशी गोरगरीब लोक चोरून ड्रॅगनचे झेंडे शिवताहेत, त्याच्या परतण्याची वाट बघताहेत. त्याची बहीण डॅनेरिस हे जोराह मॉर्मोंटला विचारते. जोराहचं उत्तर साधं आहे: सामान्य माणूस पाऊस मागतो, पोरंबाळं धड राहावीत हे मागतो, न संपणारा उन्हाळा मागतो. गादीवर कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्याला सुखाने राहू द्या म्हणजे झालं. आणि तसं कुणी राहू देत नाही. व्हिसेरिसने आईचा मुकुट विकून पोट भरलं होतं. शेवटी त्याला मुकुट मिळतो तो वितळलेल्या सोन्याचा, डोक्यावर ओतलेला. मालिकेच्या पहिल्याच सीझनमध्ये (2011) तो प्रसंग पाहताना आम्ही खोलीत टाळ्या वाजवल्या होत्या.

जॉफ्रीची ढाल बघा. एका बाजूला बापाचा हरिण, दुसऱ्या बाजूला आईचा सिंह. ढालीच्या नियमाप्रमाणे सगळं बरोबर. फक्त रॉबर्ट त्याचा बाप नाही, त्यामुळे हरणाची अर्धी बाजू खोटी आहे. चिन्ह रंगवणारा रंगारी खरं-खोटं तपासत नाही. लाखो माणसं मारणारं युद्ध त्या अर्ध्या ढालीवरून पेटतं.

आणि रॉब स्टार्क. उत्तरेचा जुना मुकुट तीनशे वर्षांपूर्वी एगॉनच्या पायाशी ठेवला गेला, त्याचं पुढे काय झालं कुणाला ठाऊक नाही. म्हणून रॉबसाठी आठवणीवरून नवा घडवतात: काशाचं कडं, त्यावर जुनी अक्षरं, भोवती काळ्या लोखंडाच्या नऊ तलवारी. मालिकेत हा मुकुट गाळलाय, आणि ते मला नुकसान वाटतं. पुस्तकातल्या कोवळ्या पोराच्या डोक्यावर तो जड होतो, नीट बसत नाही, हे वाचताना पुढचं कळायला लागतं. त्याचा शेवट तुम्हाला माहीत आहे. लग्नाच्या मांडवात मारल्यावर त्याच्या धडावर त्याच्याच लांडग्याचं डोकं बसवतात. झेंड्यावरचं चित्र अक्षरशः माणसाच्या मानेवर शिवलं जातं. चिन्हात माणूस गिळला जातो हे सांगायला मार्टिनला याहून जास्त शब्द लागत नाहीत.

आणि मी अंगात लांडग्याचा टी-शर्ट घालून हे वाचत होतो.

दिल्लीचे नव्वद झेंडे

हे सगळं कल्पनेतलं म्हणून सोडून देता येईल का? मला नाही वाटत. वेस्टेरॉसमधला एगॉन रयतेचं व्याकरण उचलतो. आपल्याकडे उलटं झालं: जेत्याने स्वतःचं व्याकरण आपल्या राजांच्या हातात दिलं.

1 जानेवारी 1877. दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं. व्हाइसरॉय होता लॉर्ड लिटन, जो ओवेन मेरेडिथ या नावाने कविता लिहायचा आणि ज्याचा बाप एडवर्ड बुल्वर-लिटन गूढ आणि अद्भुत कादंबऱ्यांसाठी प्रसिद्ध होता. दरबारासाठी रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या एका सनदी अधिकाऱ्याने नव्वदेक संस्थानिकांसाठी युरोपीय धाटणीची कुलचिन्हं तयार केली. कुणाच्या घराण्याची दंतकथा, कुठला डोंगर, कुठली लढाई, असं जमवून ती मोठ्या रेशमी झेंड्यांवर भरली गेली. लिटनने ते झेंडे एकेका राजाला राणीची खास भेट म्हणून दिले. ते इतके जड होते की वाहायला माणसं पुरेनात. इतिहासकार बर्नार्ड कोहन यांनी या दरबारावर लिहिलेला निबंध 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' (1983) या पुस्तकात आहे. तो वाचताना मला सतत वाटत होतं, की हे कुणीतरी फँटसी कादंबरीचं परिशिष्ट लिहितंय. फरक एवढाच, की यातली पात्रं जिवंत होती. शिंदे, होळकर, गायकवाड या नावांमागे घोड्यांच्या टापांचा इतिहास होता, आणि तो आता एका चौकोनी कापडावर दुसऱ्याने ठरवलेल्या चित्रात बसवला जात होता. ज्याने चिन्ह दिलं तो वरचा, ज्याने घेतलं तो खालचा. भेट देण्याचा अर्थ तेवढाच होता.

त्याच काळात दख्खन आणि मद्रास दुष्काळात होरपळत होते.

त्या दरबारात पुण्याहून एक वकील आले होते. गणेश वासुदेव जोशी, लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत. पुणे सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून ते आले होते, आणि अंगावर होती हातसुताची पांढरी खादी. ती सभा त्या वेळी दुष्काळी भागाची माहिती गोळा करून सरकारला कळवत होती. रेशमी झेंड्यांच्या गर्दीत तो पांढरा पोशाख मला गोंडोरच्या बिनचिन्हाच्या झेंड्यासारखा दिसतो, पण अर्थ वेगळा. तिथला पांढरा रंग 'हे घर आमचं नाही' म्हणत होता. इथला म्हणत होता, की हे घर आमचंच आहे आणि त्यासाठी तुमचं चित्र नको.

याच्या दोनशे वर्षं आधी, 6 जून 1674 ला, रायगडावर राज्याभिषेक झाला. किल्ले, फौज, महसूल हे सगळं शिवाजी महाराजांकडे आधीच होतं. तरी विधी लागला, कारण भोवतालच्या सत्ता त्यांना राजा मानायला तयार नव्हत्या, आणि घरच्या शास्त्र्यांनी क्षत्रियत्वाचा प्रश्न काढला होता. वंश मांडून दाखवावा लागला, गागाभट्ट काशीहून आले. सभासदाच्या बखरीत बत्तीस मण सोन्याच्या सिंहासनाचं वर्णन आहे. मला त्याहून लक्षात राहतो इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनने टिपलेला एक तपशील: सिंहासनाच्या बाजूला भाल्यांच्या टोकांवर सोन्याची माशांची तोंडं होती, घोड्यांच्या शेपट्या होत्या, आणि एका भाल्यावर सोन्याचा तराजू. मासे मोगली इतमामातले, म्हणजे दुसऱ्यांना कळणारी भाषा. तराजू न्यायाचा. त्यात प्राणी नाही, दात नाहीत, वंश नाही. राजाने काय करायचं आहे, त्याचं ते चित्र आहे. इतक्या चिन्हांच्या गर्दीत कामाची खूण ठेवणारं निशाण फँटसीतसुद्धा मला फार कमी दिसलं.

ज्यांची यादीत नोंद नाही

आता मित्राच्या प्रश्नाकडे. कुठल्याच घराण्यात नसलेला माणूस या गोष्टींत कुठे असतो?

'हाउस ऑफ द ड्रॅगन'च्या पहिल्या सीझनचा (2022) नववा भाग घ्या. दुसऱ्या एगॉनला घाईने राजा करायचंय. मोठ्या सभागृहात शहरातली माणसं शिपायांनी अक्षरशः हाकलत आणून उभी केलीत. पहिल्या एगॉनचा मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवतात. गर्दी आधी गप्प असते, मग ओरडायला लागते, आणि त्या आवाजाने एगॉनचा चेहरा फुलतो. मुकुट म्हणजे काय हे तिथे समजतं. धातूत काही नाही, बघणाऱ्यांत आहे. इथपर्यंत लेखन उत्तम. मग जमीन फोडून राजकन्या रेनिसचा ड्रॅगन वर येतो, गर्दीतली कितीतरी माणसं चिरडली जातात, आणि मंचावरच्या राजघराण्यासमोर रेनिस थांबते. त्यांना जाळत नाही, निघून जाते. पुढचे कितीतरी दिवस इंटरनेटवर चर्चा काय? तिने त्यांना का सोडलं. चिरडलेल्यांबद्दल जवळजवळ कुणी विचारलं नाही, आणि मालिकेनेही त्यांच्यासाठी एक क्षण थांबणं टाळलं. ज्यांच्या आवाजाने मुकुट मुकुट झाला, ती माणसं पुढच्याच मिनिटाला सामान झाली. माझा मित्र म्हणाला होता तसं: नावसुद्धा येणार नाही.

मार्टिनला स्वतःला हे दिसतं, याचा पुरावा 'अ फीस्ट फॉर क्रोज' (2005) मधला भटका साधू मेरिबाल्ड. युद्धातून पळून रानात लुटारू झालेल्या माणसांबद्दल तो बोलतो. गावातली पोरं, बऱ्याचदा भावाबरोबर किंवा मित्राबरोबर, गाणी ऐकून कुठल्यातरी सरदाराच्या झेंड्यामागे निघतात. मग भूक, आजार, एकामागून एक लढाया, आणि एक दिवस आजूबाजूला ओळखीचं कुणीच उरत नाही. वर फडफडणाऱ्या चित्राचा अर्थ त्यांना निघतानाही माहीत नव्हता. ते भाषण वाचल्यावर परिशिष्टातली यादी पुन्हा पूर्वीसारखी वाचता येत नाही.

टेरी प्रॅचेट एक पाऊल पुढे गेला. 'फीट ऑफ क्ले' (1996) मध्ये शहराचा पोलीसप्रमुख व्हाइम्स कुलचिन्हांच्या कार्यालयात जातो, तर त्याला कळतं की त्याच्या घराण्याला चिन्ह मिळूच शकत नाही, कारण त्याच्या पूर्वजाने शेवटच्या क्रूर राजाचं डोकं उडवलं होतं. त्याच कार्यालयाचा प्रमुख एक रक्तपिपासू व्हॅम्पायर आहे, आणि तो नॉब्बी या फाटक्या शिपायाला जुन्या कागदांच्या आधारे राजा करायच्या कारस्थानात आहे. रक्तशुद्धीच्या नोंदी ठेवणारा माणूस रक्तावर जगतो, हा विनोद प्रॅचेट एकदाच करतो आणि सोडून देतो. शेवटी व्हाइम्स त्या नोंदी पेटवून देतो. मजा वाटते वाचताना, पण प्रॅचेटला हेही माहीत आहे की कागद जळले तरी लोकांच्या मनातला राजा जळत नाही. त्या शहराचा खरा वारस कॅरट पोलिसात नोकरी करत राहतो, आणि लोक त्याचं ऐकतातच.

पण माझ्या मित्राच्या प्रश्नाचं सर्वांत जवळचं उत्तर म्हणजे डॅव्हॉस सीवर्थ. गरीब वस्तीत जन्मलेला, चोरटा माल वाहणारा खलाशी. वेढ्यात उपाशी मरणाऱ्या किल्ल्यात त्याने रात्रीतून कांदे आणि खारवलेले मासे पोचवले. स्टॅनिसने त्याला सरदारकी दिली आणि जुन्या चोरीबद्दल एका हाताच्या बोटांची पेरंही छाटली. चिन्ह निवडायची वेळ आली तेव्हा डॅव्हॉसने सिंह घेतला नाही, लांडगा घेतला नाही. काळं गलबत, आणि त्याच्या पांढऱ्या शिडावर कांदा. उच्च कुळातले त्याला हसतात. पण सगळ्या वेस्टेरॉसमध्ये ही एक खूण अशी, की तिच्यामागे कुणी काय केलं ते लिहिलंय, कोण कुणाचा ते नाही. कुणालातरी जेवायला मिळालं, एवढीच तिची दंतकथा.

मालिकेचा शेवटचा भाग (2019) सगळ्यांनी शिव्या घालून पाहिला, मीही. ड्रॅगनने लोखंडी सिंहासन वितळवलं. मग उरलेले सरदार मांडव घालून बसले, पुढचा राजा ठरवायला. सॅमवेल टार्ली उठून चाचरत म्हणतो, राजा सगळ्यांवर राज्य करणार, तर सगळ्यांनीच का ठरवू नये? क्षणभर शांतता, मग हशा. एकजण म्हणतो, मग कुत्र्यांनाही मत द्या. दुसरा म्हणतो, मी घोड्याला विचारतो. सॅम खाली बसतो. ब्रॅनच्या नावावर हात वर होत जातात, आणि पाळी डॅव्हॉसवर येते. तो म्हणतो, मला मत आहे की नाही कुणास ठाऊक, पण माझा होकार. सिंहासन वितळलं, पण घराण्यांची यादी तशीच राहिली. ती जाळायला ड्रॅगनला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा पाहताना सॅमच्या प्रसंगाला मी हसलो होतो. लेखकांना आपण हसावं असंच वाटत होतं. दुसऱ्यांदा पाहताना हॉस्टेलची खोली आठवली. क्विझ, चार पोरं, आणि एकाने विचारलेला साधा प्रश्न. त्या खोलीत आम्ही तिघं त्या मांडवातल्या सरदारांसारखे हसलो होतो, अंगात कुणाचा ना कुणाचा प्राणी घालून.

फँटसी वाचू नका, असं मी म्हणणार नाही. मी अजून वाचतो, पुढचं पुस्तक येईल या आशेवर इतरांसारखाच म्हातारा होतोय. पण चांगली फँटसी आपल्याला मुकुट दाखवते तेव्हा तो कुणाच्या आवाजावर उभा आहे हेही दाखवते, आणि वाईट फँटसी फक्त घराणं निवडायला लावते. हे दोन्ही एकाच मालिकेत, एकाच भागात असू शकतं. आपण कुठे टाळ्या वाजवल्या आणि कुठे हसलो, एवढं नोंदवून ठेवलं तरी पुष्कळ झालं.

मित्राला मागच्या महिन्यात मेसेज केला. लिहिलं, "तुझे आजोबा सापडले. कांद्याचं निशाण आहे." त्याचं उत्तर दोन तासांनी आलं: "आजोबांनी खरंच आयुष्यभर कांदा लावला. भाव मात्र कधी मिळाला नाही."